कूस बदलायला उठून बसू नका, नाळेचा वेढा पडत नाही

‘कूस बदलायची तर आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या अंगाला आडवं व्हायचं. पडल्या पडल्या वळलीस तर बाळाच्या मानेला नाळेचा वेढा पडेल.’ धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात काय आणि उभ्या मराठवाड्यात काय, पोट दिसायला लागलेल्या पोरीला हे कुणी ना कुणी बजावतंच. डोहाळजेवणाला जमलेल्या बायका सांगतात, शेजारीण सांगते, आता मोबाइलवरच्या व्हिडिओतही हेच ऐकू येतं. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण हा नियम साफ चुकीचा आहे, आणि जिचा खुबा नि ओटीपोट रात्री ठणकतं तिच्यासाठी तो छळ आहे.

आधी नाळेचं बघू. बाळ पोटात पाण्यात तरंगत असतं. नाळ साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते आणि बाळ हातपाय झाडत, कोलांट्या घेत असतं. वेढा पडतो तो त्याच्या या हालचालींनी. नाळ जास्त लांब असली तर शक्यता वाढते. आई डावीकडून उजवीकडे वळते तेव्हा गर्भाशय, पाणी, वार, नाळ आणि बाळ सगळं तिच्याबरोबरच वळतं. मग ती उठून वळली काय आणि पडल्या पडल्या वळली काय, नाळेला काहीच फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट, वेढा म्हणजे अनर्थ नव्हे. दिवस भरलेल्या बाळंतपणांत साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेभोवती तो सापडतो. नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा जाड थर असतो, त्यामुळे त्या सहजासहजी दबत नाहीत. बहुतेक वेळा डोकं बाहेर येताच डॉक्टर किंवा नर्स बोटानं वेढा सोडवतात. म्हणून ‘तू नीट वळली नाहीस, म्हणून असं झालं’ असा ठपका कुठल्याही आईवर ठेवू नका. तो खोटा आहे, आणि मूल दगावलेल्या आईला तर तो जन्मभर जाळतो.

आता दुखण्याकडे येऊ. ओटीपोटाभोवतीचं हाडांचं कडं मुख्यतः तीन सांध्यांनी जोडलेलं असतं. दोन सांधे मागे, कमरेखाली जिथं दोन खळ्या दिसतात तिथं. एक पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली. गरोदरपणात हे सांधे थोडे सैलावतात, पोटाच्या वजनानं उभं राहण्या-चालण्याची ढब बदलते, स्नायूंवर वेगळा ताण येतो आणि सांधे दुखू लागतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या माहितीनुसार दर ५ गरोदर बायकांपैकी एकीला हे दुखणं होतं. जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार चढवताना, गाडीवरून उतरताना आणि सगळ्यात जास्त अंथरुणात वळताना कळ येते.

दिवसभर खुरपणी केली, सोयाबीन काढलं, कमरेवर हंडा वाहिला की त्याचा हिशेब रात्री होतो. त्यात फरशीवर पातळ अंथरूण असेल तर खालच्या बाजूचा खुबा दबून वेगळाच दुखतो. ऊसतोडीला गेलेली बाई मोळ्या उचलून कोपीत जमिनीवरच पाठ टेकते, तिचं विचारूच नका. अशा बाईला दर वेळी उठून बसायला लावायचं म्हणजे पोटाच्या ताणलेल्या स्नायूंना हिसका आणि दुखऱ्या सांध्यांवर वरच्या धडाचा सगळा भार. लघवीसाठी उठावं लागतंच, त्यात ही उठबस. झोप मोडते ती मोडतेच. मग ती कळेला भिऊन एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहते आणि सकाळी पाय टेकवत नाही.

योग्य पद्धत अशी. कुशीवर असताना दोन्ही गुडघे वाकवा आणि एकमेकांना चिकटवा. गुडघ्यांत उशी किंवा घट्ट घडी घातलेली गोधडी धरा. ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरली पाहिजे, नाहीतर वरचा पाय खाली लोंबून खुब्याला ओढ बसते. पोटाखालीही लुगड्याची लहान घडी सरकवा. वळताना श्वास सोडा आणि खांदे, कंबर, गुडघे एकदम, एकाच दिशेनं न्या. आधी एक पाय टाकून मग दुसरा ओढू नका, पाय फाकले की पुढच्या सांध्यावर ताण येतो. उठायचंच असेल तेव्हा कुशीवर या, दोन्ही पाय जुळलेले ठेवा आणि हातांवर जोर देत उठा. खाली जाड गादी किंवा दोन-तीन गोधड्या घाला. फरशीपेक्षा कॉट बरी, कारण उठताना खालून अंग उचलावं लागत नाही.

आता ‘फक्त डाव्या कुशीवरच झोप’ या सल्ल्याबद्दल. यात अर्धं खरं आहे. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं झोपल्यानं जड गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबलं जातं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. पण उजवी कूस वाईट, हे खरं नाही. ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच अभ्यासांतली, ३ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला: २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणाऱ्यांत पोटातच बाळ दगावण्याचा धोका जास्त दिसला, डाव्या आणि उजव्या कुशीत मात्र फरक आढळला नाही. तेव्हा डावा खुबा दुखला की खुशाल उजवीकडे वळा. मध्येच जाग आली आणि आपण उताणे आहोत असं दिसलं तर घाबरू नका, कुशीवर वळा आणि झोपा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज: पूर्ण आराम केला की दुखणं जातं. वस्तुस्थिती: जड ओझं, उकिडवं बसणं टाळा, पण हलकं चालणं आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालू ठेवा, नुसतं पडून राहिल्यानं स्नायू कमजोर होतात.

गैरसमज: कॅल्शियम कमी पडलं म्हणून हे दुखतं. वस्तुस्थिती: १४व्या आठवड्यापासून सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यातच, पण हे दुखणं सांध्यांवरच्या ताणाचं आहे.

गैरसमज: मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी चालते. वस्तुस्थिती: आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या २० आठवड्यांनंतर टाळाव्यात, बाळाच्या मूत्रपिंडांना त्या बाधू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये दिला आहे. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्या.

गैरसमज: ओटीपोट दुखतं म्हणजे सिझर होणार. वस्तुस्थिती: अशा बहुतेक बायकांचं बाळंतपण नैसर्गिकच होतं, फक्त पाय किती फाकवता येतात हे कळा सुरू झाल्यावर नर्सला सांगा.

गैरसमज: बाळंतपणानंतर आपोआप जातं, सांगायची गरज नाही. वस्तुस्थिती: बहुतेकींचं जातं, पण दहापैकी एखादीचं मागे उरतं; लवकर सांगितलं तर उपाय सोपे असतात.

मात्र प्रत्येक दुखणं सांध्यांचंच असेल असं नाही. दिवस भरण्याआधी ठरावीक अंतरानं पोट घट्ट होऊन कळा येणं, रक्त किंवा पाणी जाणं, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल मंदावणं, एकच पोटरी सुजून दुखणं, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर रात्र काढू नका. १०८ क्रमांकावर फोन करा.

एरवीही दुखणं अंगावर काढू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तिथं वजन आणि रक्तदाबाबरोबर ‘रात्री वळताना इथं दुखतं’ हेही बोट ठेवून सांगा. आणि घरातल्या आया-सासवांना विनंती: तिला उठून बसायला लावू नका, तिच्या गुडघ्यांत एक गोधडी द्या आणि दोन महिने हंडा तिच्या कमरेवरून उतरवा.