मदतनिसांसाठी काढलेले चित्र

केंब्रिजचे विल्यम फॅरिश धर्मगुरूही होते आणि प्राध्यापकही, पण त्यांचा वर्ग म्हणजे एक छोटा कारखानाच असे. इंग्लंडातल्या उद्योगांतली यंत्रे कशी चालतात हे ते विद्यार्थ्यांना प्रतिकृती चालवून दाखवत. प्रत्येक यंत्राची वेगळी प्रतिकृती करायची तर जागा आणि पैसा कुठून आणायचा? म्हणून त्यांनी चाके, दांडे, पकडी अशा सुट्या भागांचा संचच केला. आज त्यातून एक यंत्र जुळवायचे, व्याख्यान संपले की मोडायचे, उद्या त्याच भागांतून दुसरे उभे करायचे. ज्यांच्या लहानपणी घरात मेकॅनो होता, त्यांना यात नवल वाटणार नाही.

घोडे अडले ते जुळवणीत. ते काम मदतनिसांचे, आणि कोणता दांडा कोणत्या चाकाच्या पुढून जातो हे त्यांना दर वेळी तोंडी सांगणे शक्य नव्हते. प्लॅन (वरून दिसणारे चित्र) आणि एलिव्हेशन (समोरून दिसणारे) शेजारी शेजारी काढण्याची पद्धत होतीच. फ्रान्समध्ये गास्पार मोंजने तिचे शास्त्र बांधले होते, आणि मेझिएरच्या लष्करी शाळेत ते बराच काळ गुपित म्हणून जपले गेले होते. पण दोन सपाट चित्रे मनात जोडून वस्तू उभी करायला तयार डोळा लागतो. चित्रकाराचे पर्स्पेक्टिव्ह डोळ्याला पटते, मात्र त्यात लांबची वस्तू लहान होते आणि माप हाती लागत नाही. फॅरिश यांनी मधली वाट काढली. तीन बाजू एकाच चित्रात, आणि तिन्ही दिशांना एकच माप. त्यांचा लेख केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये १८२२ साली आला. नाव त्यांनीच दिले : आयसोमेट्रिकल, म्हणजे सममापी.

ही पद्धत लगेच उचलली ती खाणवाल्यांनी. जमिनीखालचे थर आणि बोगदे एका नजरेत दाखवायला तिच्याइतके सोयीचे दुसरे काही नव्हते. न्यूकॅसलचे खाण-सर्वेक्षक थॉमस सॉपविथ यांनी १८३४ मध्ये तिच्यावर पुस्तकच लिहिले. पहिल्या महायुद्धात गाजलेल्या सॉपविथ कॅमल विमानाचा कारखानदार हा त्यांचा नातू.

या पद्धतीतले गणित साबणाच्या वडीवर कळते. वडीतून एक घन कापा आणि त्याचा एक कोपरा बरोबर डोळ्यासमोर येईल असा धरा. समोरचा कोपरा मागच्या कोपऱ्यावर नेमका झाकला गेला की घनाची बाह्यरेषा षट्कोनी दिसते आणि मधून तीन कडा १२० अंशांवर फुटतात. प्रत्येक कड कागदाच्या पातळीशी ३५ अंश १६ मिनिटांचा कोन करते, म्हणून ती ०.८१६ पट दिसते. १०० मिलिमीटरची कड कागदावर ८१.६ भरते. तिन्ही कडा सारख्याच आखडतात, एवढेच काय ते सममाप.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मिनीड्राफ्टर सांभाळत शीटा काढलेल्यांना 'आयसोमेट्रिक व्ह्यू' आणि 'आयसोमेट्रिक प्रोजेक्शन' यांतला फरक आठवत असेल. व्ह्यूमध्ये कड पूर्ण मापाने काढतात, प्रोजेक्शनमध्ये ०.८१६ने. परीक्षेत हमखास गाठणारा गडी म्हणजे घनावर ठेवलेला गोळा. ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा प्रोजेक्शनमध्ये २५ त्रिज्येचाच काढायचा, कारण गोळा कुठूनही पाहिला तरी तेवढाच दिसतो. पण त्याचे केंद्र मात्र टेकण्याच्या बिंदूपासून २०.४ मिलिमीटरवर घ्यायचे, कारण ते अंतर उभ्या दिशेचे आहे आणि आखडते. मग गोळा घनात रुतल्यासारखा दिसतो. मुले घाबरून खोडरबर घेतात. खरे तर चित्र बरोबर असते. गोळ्याचा खालचा फुगवटा टेकण्याची जागा झाकतो, एवढेच.

संगणकाने यातले कष्ट संपवले. विंडोजवर चालणारे सॉलिडवर्क्स हे त्रिमितीय सॉफ्टवेअर १९९५ मध्ये आले. आता वस्तूचे त्रिमितीय मॉडेल तयार असले की ड्रॉइंगच्या पानावर आयसोमेट्रिक दृश्य ओढून टाकायचे. ऑटोकॅडमध्ये फ्लॅटशॉट ही आज्ञा तेच करते. आत घडते ते फॅरिश यांचेच. मॉडेल उभ्या अक्षाभोवती ४५ अंश फिरते, ३५.२६ अंश कलते आणि खोलीचा आकडा टाकून दिला जातो. अवघड काम पुढचे : कोणती रेषा कशाआड लपली हे ठरवणे. नळकांड्याच्या बाजूला तर मुळात कडच नसते, तिथली बाह्यरेषा गणिताने शोधावी लागते.

तरी शहाणपण मशीनकडे सोपवता येत नाही. गोलाई दिलेल्या कोपऱ्यांच्या स्पर्शरेषा ठेवायच्या की काढायच्या, हे ड्राफ्ट्समनने ठरवायचे असते. सगळ्या ठेवल्या तर कास्टिंगचे चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते. अगदी सममित भागाला आयसोमेट्रिक सोसतच नाही, कारण पुढची आणि मागची कड एकमेकींवर पडते. अशा वेळी थोडा वेगळा कोन घेऊन डायमेट्रिक, म्हणजे दोनच दिशांना एक माप असलेले चित्र काढणे चांगले. पण बहुतेक शीटांत कोपऱ्यात एक ठरावीक दृश्य चिकटवलेले असते, आणि नेमकी ज्या भोकावर सगळी मदार, ते भोक मागच्या बाजूला राहते. अशा दृश्याला शोभेपलीकडे किंमत नाही.

फॅरिश यांचा हेतू आज सर्वांत टिकून आहे तो पाइपलाइनच्या कामात. रिफायनरीत किंवा रासायनिक कारखान्यात फिटर आणि वेल्डर ज्याला नुसते 'आयसो' म्हणतात, तो एका लाइनचा एक कागद. त्यावर उत्तरेचा बाण, जोडांचे क्रमांक, एल्बो आणि फ्लँजची यादी आणि प्रत्येक तुकड्याची लांबी लिहिलेली असते. प्लान्टच्या संपूर्ण त्रिमितीय मॉडेलमधून असे कागद काढायला आयसोजेनसारखी सॉफ्टवेअर आहेत. गंमत अशी की यात सममाप पूर्ण सोडून दिलेले असते. वीस मीटरचा सरळ पाइप आणि त्यापुढचा वीतभर तुकडा कागदावर जवळजवळ सारखेच निघतात, म्हणजे लहान तुकड्यावरचा आकडाही वाचता येतो. दिशा तेवढ्या तीस अंशांच्या काटेकोर राहतात.

म्हणून आयसोला फूटपट्टी लावायची नसते. पाइप कापायचा तो लिहिलेल्या आकड्यावर.