बक्षिसाचा फॉर्म आणि अब्बूंचा ईमेल

2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या, तेव्हा आम्ही वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एखादी तरी लिंक टाकत असू. कधी सामान्य ज्ञानाची प्रश्नमंजुषा, कधी निबंध, रबीउल अव्वल आला की सीरतवरची क्विझ. फॉर्म भरा, वीस प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र ईमेलवर येईल. मुले खूश, पालक खूश, आम्हीही खूश. त्या फॉर्ममध्ये नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि ईमेल हे चार रकाने कशासाठी आहेत, असे आम्ही एकदाही विचारले नाही. मुलांचा स्वतःचा ईमेल नव्हता, म्हणून त्यांनी अब्बूंचा दिला.

खांब, कोलाड, रोहा या आमच्या पट्ट्यात अनेक घरांतली कर्ती माणसे आखातात नोकरीला असतात. आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील असेच सुट्टीवर आले आणि टाळेबंदीत इथेच अडकले. कंपनी परत बोलावील या आशेवर ते रोज मेल पाहत. हळूहळू दिवसाला चाळीस-पन्नास मेल येऊ लागले. कर्ज घ्या, कोर्स करा, तुम्ही मोटार जिंकलात. कंटाळून त्यांनी मेल उघडणेच कमी केले. फोनवरच्या मुलाखतीची वेळ कळवणारा मेल त्या ढिगात नऊ दिवस पडून राहिला आणि वेळ टळून गेली. पुन्हा बोलावणे यायला पाच महिने लागले. "सर, हा पत्ता मी फक्त कंपनीला आणि मुलीच्या स्पर्धांना दिला होता," ते आम्हाला म्हणाले. रागावून म्हणाले असते तर बरे वाटले असते.

स्पर्धा वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. सरकारच्या मायगव्ह संकेतस्थळावरच्या प्रश्नमंजुषा आमची मुले आजही सोडवतात आणि चार गोष्टी शिकतात. पण काही स्पर्धा भरवल्याच जातात त्या पत्ते गोळा करण्यासाठी. एका मोबाइलचे बक्षीस लावले की हजारो लोक आपण होऊन नाव, नंबर, ईमेल देतात. ती यादी जाहिरातदारांच्या कामी येते, पुढे हातोहात फिरते. नको असलेल्या अशा मेलला स्पॅम म्हणतात. ही खोड जुनी आहे. 3 मे 1978 रोजी अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने सुमारे 400 जणांना एकदम जाहिरात पाठवली. तोच पहिला स्पॅम मानला जातो. तेव्हाही लोक चिडले होते.

मग करायचे काय? सर्वांत सोपा उपाय म्हणजे दोन ईमेल ठेवणे. एक घरचा: बँक, शिष्यवृत्ती, प्रवेश, पासपोर्ट, नोकरी यांच्यासाठी. तो स्पर्धेला कधीच द्यायचा नाही. दुसरा स्पर्धा आणि खरेदीसाठी. त्यात पूर्ण नाव किंवा जन्मवर्ष घालू नये आणि त्याचा पासवर्ड पहिल्यापेक्षा वेगळा ठेवावा. दुसरे खाते उघडायला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटे लागतात.

जीमेलवर आणखी एक सोय आहे. आपल्या नावानंतर आणि ॲट या खुणेच्या आधी अधिकचे चिन्ह टाकून एखादा शब्द जोडता येतो, जसे 'निबंध' किंवा 'क्विझ', अर्थात इंग्रजी अक्षरांत. मेल आपल्याच खात्यात येतो. पण क्विझसाठी दिलेल्या पत्त्यावर उद्या कर्जाची जाहिरात आली, तर पत्ता कुठून फुटला हे लगेच कळते. काही फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत, आणि चलाख माणूस ते काढूनही टाकू शकतो. म्हणून ही युक्ती दुसऱ्या खात्यावरच वापरावी.

फॉर्म भरताना घाई करू नये. तारांकित नसलेले रकाने मोकळे सोडावेत. खालच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते. 'आमच्या भागीदारांकडून माहिती मिळण्यास संमती आहे' असे तिथे लिहिलेले असेल, तर ती खूण काढावी. निबंध स्पर्धेला आधार क्रमांक किंवा बँक खाते लागत नाही. मागितले तर फॉर्म बंद करावा. नशिबाने बक्षीस देतो म्हणून प्रवेश फी घेणारी सोडत असेल, तर तो जुगारच झाला. तिथे ईमेलचा विचार करायचीही गरज नाही.

मेल येऊ लागलेच, तर ओळखीच्या संस्थेच्या मेलमध्ये 'अनसबस्क्राइब' दाबावे. अनोळखी मेलमधले कोणतेही बटण दाबू नये, कारण दाबले की हा पत्ता चालू आहे हे त्यांना कळते. तो उघडण्यापूर्वीच 'स्पॅम' म्हणून नोंदवावा. मेलमधले चित्र उघडले तरी पाठवणाऱ्याला खबर जाऊ शकते. म्हणून जीमेलच्या सेटिंगमध्ये चित्रे विचारूनच दाखवावीत, हा पर्याय निवडावा. आणि आठवड्यातून एकदा स्पॅमची पेटीही पाहावी, कारण कामाचा मेल चुकून तिथे जातो.

'तुम्ही जिंकलात' हा मेल सर्वांत धोक्याचा. कौन बनेगा करोडपतीच्या नावाने 25 लाखांच्या लॉटरीचे खोटे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. बक्षीस मिळवण्यासाठी आधी कर किंवा फी मागितली, की ती फसवणूक समजावी. पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा.

मुलांबाबत कायदाही आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी पालकांची संमती पडताळून घ्यावी, असे तो सांगतो. मात्र कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर, आणि त्यानंतरही, पहिला पहारा घरचाच.

आम्ही आता एक रिवाज पाळतो. ग्रुपवर लिंक टाकण्यापूर्वी तो फॉर्म आधी स्वतःच्या स्पर्धेच्या ईमेलवरून भरून पाहतो, महिनाभर थांबतो, आणि फालतू मेल आले नाहीत तरच मुलांना देतो. त्यामुळे वर्षाकाठी प्रमाणपत्रे कमी येतात. चालेल. ती विद्यार्थिनी आता कॉलेजात आहे. अब्बूंचे नवे खाते तिनेच उघडून दिले आणि तो पत्ता आम्हालाही सांगितला नाही. आम्ही विचारलाही नाही. दुसऱ्याचा पत्ता ही अमानत असते, हे आम्ही त्या नऊ दिवसांपासून शिकलो.