आधी गटाराचं बोलू, मग देवाधर्माचं

मी भिवंडीचा म्हटलं की समोरचा माणूस दोन प्रश्न विचारतो. ‘यंत्रमाग का?’ आणि जरा थांबून, ‘दंगली का?’ दोन्ही खरं आहे. पण तिसरी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी विचारत नाही. आज तीच सांगतो.

मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली. तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच घडलं. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ला बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा आता भिवंडी पेटणार असंच सगळे धरून चालले होते. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सुमारे नऊशे माणसं गेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. पहाटे उठून मी कानोसा घ्यायचो, तेव्हा ती शांतता आपोआप आलेली नाही, हे मला ठाऊक होतं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यात गावातली प्रतिष्ठित मंडळी असायची. सण जवळ आला की बैठक, चहा आणि भाषणं. ज्याच्या दारावर दगड पडतो तो तिथे नसायचा. खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या. अशा सुमारे सत्तर समित्या झाल्या. प्रत्येकीत त्याच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येनं, आणि सोबत त्या भागाचा पोलीस. सभासद साधी माणसं होती. कामगार, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले.

या बैठकांत ‘सर्व धर्म एकच’ असं कुणी पटवत बसलं नाही. बोलणं व्हायचं ते तुंबलेल्या गटाराचं, नळाचं, पोरांच्या भांडणाचं. शेजाऱ्याचा देव मानावा लागत नव्हता. शेजाऱ्याचं नाव मात्र ठाऊक असावं लागत होतं. सगळी किमया इथेच आहे. दंगल अफवेवर पोसते, आणि अफवा अनोळखी माणसाबद्दलच खरी वाटते. ज्याच्याबरोबर गटारासाठी अर्ज लिहिला, त्याच्याबद्दल काहीबाही कानावर आलं तर आपण आधी त्यालाच जाऊन विचारतो.

दुसरा फरक पोलिसाचा. एरवी तो दगड पडल्यावर काठी घेऊन येतो. इथे तो आधीपासून ओळखीचा होता. त्यामुळे माणसं आपणहून त्याला सांगू लागली की अमुक कोपऱ्यावर गडबड दिसते.

पुढे मुंबईतही १९९४ पासून अशी चळवळ उभी राहिली. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांची नावं तिच्याशी जोडलेली आहेत.

म्हणून भिवंडी कायमची सुधारली, असं मी म्हणणार नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून लोक आणि पोलीस आमनेसामने आले. गोळीबारात माणसं गेली, दोन पोलीसही मारले गेले. ते भांडण हिंदू-मुसलमानांचं नव्हतं, पण जो विश्वास बैठकीगणिक जमवला होता, तो किती लवकर आटतो हे त्यानं दाखवलं.

मागावर धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, गाठ मारतो आणि मगच पुढे जातो. तसाच चालू ठेवला तर कापडात दोष उतरत जातो. शेजारधर्माचंही तसंच आहे. दंगलीनंतरच्या सद्भावना फेरीपेक्षा दंगल नसतानाची बैठक मोलाची. आपल्या गल्लीत दुसऱ्या धर्माची किती घरं आपण नावानिशी ओळखतो, एवढं आज संध्याकाळी मोजून पाहा. आकडा लहान निघाला, तर सुरुवात गटारापासून करा. ते सगळ्यांच्याच दारावरून जातं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)