घरच्या साखरेचा चॉकलेट केक

हंगाम संपला, शेअरवरची साखर घरोघर पोचली. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधून ते एकदा कोपऱ्यात उभं राहिलं, की वर्षभर त्या साखरेचं काय होतं? चहा, शिरा, दिवाळीच्या शंकरपाळ्या, आणि थोडी पै-पाहुण्यांच्या पिशवीतून पुण्या-मुंबईला. पण त्याच घरात पोराचा वाढदिवस आला की केक मात्र तालुक्याहून येतो. मोटरसायकलवर मागं बसलेला खोकं मांडीवर सांभाळत आणतो आणि घरी उघडून बघावं, तर निम्मं नाव झाकणाला चिकटलेलं!

आमच्या घरचा प्रश्न निराळा होता. आज्जी माळकरी. केकात अंडं असतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खोक्यावरचा हिरवा ठिपका दाखवला, तर म्हणायच्या, "ठिपका काय, कुनीबी काढंल." चार वर्षं नातवानं केक कापला, आज्जींनी ओवाळलं, आणि तुकडा पुढं केला की, "मला नगं रं बाळा, तू खा." पाचव्या वर्षी पोरानंच विचारलं, "आज्जीला चालंल असा करता येत न्हाई व्हय?" म्हणून आम्ही घरी करायला बसलो.

पहिला केक चहाच्या रंगाचा झाला. कोको म्हणून आम्ही ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा आणला होता. त्यात कोको थोडा आणि साखरच जास्त असते. डब्यावर नुसतं 'कोको पावडर' लिहिलेलं बघून घ्यावं, चिमूटभर जिभेवर ठेवली तर कडू लागली पाहिजे. दुसऱ्या वेळी रंग जमला, पण 'एवढी साखर कशाला' म्हणून आम्ही शहाणपणानं ती निम्मी केली. केक बसका आणि चिवट झाला. तो चहात बुडवून संपवला.

ऊस पिकवणाऱ्या घरात ही चूक व्हावी, याची नंतर आमची आम्हालाच गंमत वाटली. केकात साखर नुसत्या गोडीसाठी नसते. मैद्यात पाणी पडून तो मळला, की त्याला चिकट ताण येतो. चपातीला तो हवा असतो, केकला नको. साखर पाणी आपल्याकडं ओढून धरते, म्हणून तो ताण कमी येतो. शिवाय साखर असली की मैद्यातला स्टार्च जरा उशिरा, जास्त आचेला शिजतो. तेवढ्या वेळात केक फुगून घेतो. साखर तोडली की केक फुगायच्या आधीच घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो. एका केकाला साधारण २०० ग्रॅम साखर लागते. आपल्या भागातला उतारा १२ टक्के धरला, तर हा सुमारे पावणेदोन किलो ऊस झाला. कमी गोड पाहिजे असेल तर तुकडा लहान कापावा, साखर तोडू नये.

आता कृती. पाव लिटरला थोडं कमी पाणी मावेल असा एकच कप सगळ्या मापांना ठेवावा. दीड कप मैदा, एक कप साखर, पाव कप कोको, एक सपाट चहाचा चमचा खायचा सोडा, अर्धा चमचा मीठ. साखर एम किंवा एल दाण्याची असेल तर ती आधी मापून मग मिक्सरला फिरवावी. दळून मापली तर कपात कमी बसते. मैदा, कोको, सोडा, मीठ दोन-तीनदा चाळून साखर मिसळावी. दुसऱ्या भांड्यात एक कप पाणी, पाव कपाला थोडं वर बिनवासाचं तेल आणि तीन चहाचे चमचे लिंबाचा रस. घाण्याचं शेंगतेल वापरू नये, चॉकलेटला शेंगांचा वास येतो. दोन्ही एकत्र करून कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवावं. घोटत बसायचं नाही. सोडा आणि लिंबू भेटले की गॅस सुटायला लागतो, तो भांड्यातच निघून गेला तर केक कशानं फुगणार?

अंडं, दूध, लोणी काही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात लोण्या-अंड्यांवर आणि अमेरिकेत साखर-लोण्यावर रेशन आलं, तेव्हा तिकडच्या बायकांनी अशा युक्त्यांवर वाढदिवस भागवले.

भट्टी म्हणजे आपला जुना कुकर. शिट्टी आणि रबर काढायचं, पाणी अजिबात नाही. तळाला दोन वाट्या मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू, त्यावर जाळी. झाकण लावून दहा मिनिटं तापू द्यावा. सात इंची डब्याला तेल लावून मैदा भुरभुरावा, मिश्रण निम्म्याच्या थोडं वर भरावं. मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. पहिली तीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. आमचा तिसरा केक पोरांनी वासावर येऊन झाकण उघडल्यानं मधोमध खचला. मध्ये सुरी घालून ती कोरडी निघाली की झाला. आपल्या आया वाळूच्या पातेल्यावर निखारे ठेवून रव्याचा केक करायच्या, दिवाळीच्या आधी मैदा-साखर-डालडा घेऊन बेकरीत बिस्किटं भाजून आणायच्या. तेव्हा हे काम आपल्याला अगदीच परकं नाही.

गुळाचा होतो का? होतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेनं ज्या गुळाचं नाव केलं आणि ज्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो सोडून कसं चालेल? पण कपाला कप बदलून भागत नाही. गुळात आंबटपणा असतो. गरम खिरीत गूळ टाकल्यावर दूध नासतं, ते प्रत्येकीनं पाहिलेलं आहे. केकात तो सोड्याच्या कामाला येतो, म्हणून लिंबू निम्मं करावं. २०० ग्रॅम गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून, गार करून घ्यावा आणि पाणी दोन मोठे चमचे कमी करावं, कारण गूळ स्वतःच ओलावा धरतो. आचही जरा कमी, नाहीतर तळ करपतो. चॉकलेटची चव साखरेत स्वच्छ येते, गुळात गूळ पुढं येतो. आम्हाला विचाराल तर पोरांना साखरेचा करावा आणि गुळाचा दुसऱ्या दिवशी आपण खावा.

कोको काही आपल्या काळ्या रानात येत नाही. तो केरळ-कर्नाटकात सुपारी-नारळाच्या सावलीत पिकतो. तिथल्या सुपारीवाल्या शेतकऱ्यांनी १९७३ मध्ये मंगळूरला 'कॅम्पको' ही सहकारी संस्था काढली. पुढं कोकोचे भाव पडले, तेव्हा ती कोकोच्या खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. म्हणजे साखर आपल्या सहकाराची आणि कोको त्यांच्या सहकाराचा, असा केक होऊ शकतो. आम्ही मुद्दाम तसा केला.

त्या वाढदिवसाला आज्जी सकाळपासून ओट्याशी स्टूल टाकून बसल्या होत्या. काय पडतं काय नाही, यावर पक्की नजर. "ह्यो सोडा भज्याचाच न्हवं?" "व्हय आत्ती, त्योच." "आन् वास कशाचा?" "कोकोचा." कुकर उतरला, केक निवला, नातवानं कापला. तुकडा पुढं आला तेव्हा आज्जींनी कपाळाला हात लावून तो तोंडात घातला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मऊ हाय की. येलदोडा घातला असता तर झाक झालं असतं."

पुढच्या खेपेला घातला. पाव चमचा पूड, मैद्याबरोबर चाळून. खरंच बरी लागते.

झाकणाच्या डब्यात हा केक दोन-तीन दिवस चांगला राहतो. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावा. मुंग्यांचं आम्ही सांगायला नको. गव्हाच्या पिठाचा आम्हाला अजून नीट साधलेला नाही, जड होतो. कुणा सभासद भगिनीला साधला असेल तर माप लिहून गट ऑफिसात द्यावं, पुढच्या अंकात छापू.