मीठ: देणं किती, घेणं किती?

आज मिठापासून सुरुवात करू. शाळेत आपण सगळे शिकलो की सोडिअमला एक इलेक्ट्रॉन नकोसा असतो, क्लोरीनला एक हवासा असतो. हा देतो, तो घेतो, झालं मीठ! गोष्ट छान आहे. पण हिशेब मांडला की ती डळमळते.

सोडिअमच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला दर मोलला सुमारे 496 किलोज्यूल खर्च येतो. म्हणजे तो नकोसा मुळीच नाही, उपसूनच काढावा लागतो. क्लोरीन तो घेतो तेव्हा परत मिळतात सुमारे 349. म्हणजे 147चा तोटा! मग हा आतबट्ट्याचा व्यवहार होतोच कसा? तर भार सरकल्यावर एक अणू धन होतो, दुसरा ऋण, आणि ते एकमेकांना ओढतात. स्फटिकात प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडिअम. सुटे आयन असे रचले जाताना सुमारे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. तोटा भरून निघतो तो इथं. नुसत्या देण्याने बंध होत नाही, नंतरच्या ओढीने होतो.

बरं, 'दिला' म्हणजे पूर्ण दिला का? मिठाच्या वाफेत एक सोडिअम, एक क्लोरीन असे रेणू मिळतात. त्यांचं द्विध्रुव आघूर्ण आणि अणूंमधलं अंतर मोजून साधा हिशेब केला, तर भार सरकलेला दिसतो सुमारे 80 टक्के. हायड्रोजन क्लोराइडमध्ये तोच आकडा 18च्या आसपास. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू सारखेच, तिथं शून्य. कोणता अणू इलेक्ट्रॉन किती ओढतो, याची मोजपट्टी लायनस पॉलिंग यांनी 1932 साली मांडली. तिला आपण विद्युतऋणता म्हणतो.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, मला कप्पे आवडतात. पण आयनिक आणि सहसंयुज हे दोन कप्पे नव्हेत, एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत. आणि एक अडचण आहेच. रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ढगाला कुंपण नसतं. हा अणू कुठं संपला, तो कुठं सुरू झाला, ही रेघ आपण ओढतो. रेघ बदलली की अणूच्या वाट्याचा भारही बदलतो. द्विध्रुव आघूर्ण मोजता येतं, बंध तोडायला लागणारी ऊर्जा मोजता येते. भाराची वाटणी मात्र आपल्या व्याख्येवर अवलंबून असते.

तेव्हा यापुढे कुणी म्हणालं, 'सोडिअम इलेक्ट्रॉन देतो', तर खोडून काढू नका. एवढंच विचारा: किती देतो, आणि रेघ कुठं ओढलीत?