चिखलातली शर्यत, थंडीची परीक्षा

जानेवारीची अखेर. इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन शहराजवळचे पर्टन हे गाव. तिथल्या एका शेतावर सकाळीच हजारो स्त्री-पुरुष जमत. तापमान शून्याच्या आसपास. अशा हवेत शहाणा माणूस रजई सोडणार नाही. पण ही मंडळी मात्र पदरचे पैसे मोजून चिखलात लोळायला आलेली असत.

'टफ गाय' नावाची ही शर्यत १९८७ साली बिली विल्सन या माजी सैनिकाने सुरू केली. 'मिस्टर माउस' या टोपणनावाने तो ओळखला जाई. आधी चढउतारांवरून, ओढ्याखड्ड्यांतून कित्येक मैल धावायचे आणि पाय थकले की मग खरे अडथळे सुरू! दोरखंडाच्या उंच जाळ्या चढायच्या, काटेरी तारांखालून पोटावर सरपटायचे, गारठलेल्या पाण्यातून बुडी मारून पलीकडे निघायचे, विजेचा झटका देणाऱ्या लोंबत्या तारांमधून वाट काढायची. सुरुवातीलाच प्रत्येकाकडून एका कागदावर सही घेतली जाई. 'काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी माझी' अशा अर्थाच्या त्या कागदाला आयोजकांनीच 'डेथ वॉरंट' म्हणजे मृत्यूचे फर्मान असे नाव दिले होते. तरीही २०१७ पर्यंत, तब्बल तीस वर्षे, ही शर्यत गाजत राहिली.

पुढे ही कल्पना जगभर पसरली. २०१० साली अमेरिकेत 'टफ मडर' आणि 'स्पार्टन रेस' या दोन शर्यती सुरू झाल्या आणि पाहता पाहता चिखलातल्या शर्यतींचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

हात देणारा अनोळखी माणूस

लोकांना यात एवढे काय आवडते? दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याला आपले शरीर अजूनही काही करू शकते, हे स्वतःलाच दाखवायचे असते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. चिखलाने माखलेल्या माणसाचा हुद्दा ओळखू येत नाही. साहेब कोण आणि शिपाई कोण, सगळे सारखेच. समोर ओलीचिंब, निसरडी भिंत असते. एकट्याने ती चढता येत नाही. मग कुणीतरी खालून खांदा देतो, कुणीतरी वरून हात देतो. 'टफ मडर'च्या सुरुवातीला तर 'माझ्या वेळेपेक्षा सोबत्यांची मदत मोठी' अशा अर्थाची शपथच सर्वांना घ्यावी लागते.

गल्लीतल्या शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसण्याच्या या काळात अनोळखी माणसाचा चिखलाने भरलेला हात धरणे ही मोठी गोष्ट आहे.

थंडीला हिंमत कळत नाही

पण या शर्यतींची दुसरी बाजूही आहे. 'मनात आणले की काहीही जमते' हे वाक्य थंड पाण्यापुढे चालत नाही. हवेच्या मानाने पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. गार पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जाते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की माणूस कुडकुडतो, बोबडा बोलू लागतो, बोटांनी बटणही लागत नाही, विचार गोंधळतो. सर्वांत वाईट म्हणजे त्याला स्वतःला 'मी ठीक आहे' असेच वाटत असते.

एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात अशाच एका शर्यतीत उंच फळीवरून पाण्यात उडी मारलेला एक तरुण वर आलाच नाही. पाण्यातून बाहेर काढल्यावरही त्याचे प्राण वाचू शकले नाहीत. तो भेकड नव्हता की अशक्त नव्हता.

धोका फक्त पाण्याचा नाही, चिखलाचाही आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये नेवाडा राज्यातील एका शर्यतीनंतर २२ जणांना जुलाब-तापाचा त्रास झाला. गुरांच्या कुरणातले गढूळ पाणी शर्यतीत पोटात गेल्याने जंतूंची बाधा झाली, असे तपासात दिसून आले. आपल्याकडे २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत पसरलेला लेप्टोस्पायरोसिस अनेकांना आठवत असेल. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातले हे जंतू साध्या खरचटलेल्या जागेतूनही शरीरात शिरतात.

भाग घेण्यापूर्वी

घरातल्या मुलाने किंवा मुलीने अशा शर्यतीत नाव द्यायचे म्हटले तर लगेच नकार देऊ नका. मात्र काही गोष्टी जरूर विचारा. पोहता येते का? पाण्याच्या प्रत्येक अडथळ्यापाशी जीवरक्षक असतील का? डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर आहे का? नको असलेला अडथळा टाळता येतो का? हृदयविकार, दमा किंवा फिट्स येण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

निदान दोन-तीन महिने धावण्याचा आणि लोंबकळण्याचा सराव करावा. सुती कपडे पाणी धरून ठेवतात, ते टाळावेत. चिखलात तोंड बंद ठेवावे. शर्यत संपताच ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत आणि गरम, गोड चहा घ्यावा. 'अंग गरम करायला' दारू मुळीच घेऊ नये. तिने उष्णता उलट लवकर निघून जाते. जखमा साबणाने स्वच्छ धुवाव्यात. पुढल्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर आपण चिखलात उतरलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणि शेवटची गोष्ट. भिंतीवर चढवायला जो हात पुढे येतो, तोच हात कधीकधी मित्राला थांबवण्यासाठीही पुढे यायला हवा. सोबत्याचे ओठ निळे पडले असतील, जीभ अडखळत असेल, तर 'अरे, थोडेच राहिले, चल!' असे म्हणणारा त्याचा खरा मित्र नव्हे. 'पुरे आता, बाहेर चल' म्हणून त्याला शेकोटीपाशी नेणारा आणि त्यापायी स्वतःची शर्यतही सोडणारा, तोच खरा बहाद्दर.