आंकडा तोच, प्रकार निराळा

श्रोतेहो, मोबाइलवरील एखादें ॲप चालतां चालतां एकाएकीं बंद पडलें म्हणजे कोणी फोनला दोष देतो, कोणी नेटला. पुष्कळदां मात्र खरें कारण एखाद्या साध्या आंकड्यांत दडलेलें असतें. तें कसें शोधून काढतात, हें आज पाहूं.

अँड्रॉइड फोनसाठीं जावा भाषेंत लिहिलेलें भाजीविक्रीचें एक ॲप कल्पनेनें डोळ्यांपुढें आणा. मेथीच्या जुडीचा भाव १२.५ रुपये असतो, तोंवर सर्व सुरळीत चालतें. एके दिवशीं भाव २० रुपये होतो, आणि ती यादी उघडणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर ॲप बंद पडतें. भाव वाढल्यानें गिऱ्हाईक रागावेल हें समजतें. ॲपनें कां रागवावें?

आपल्या लेखीं २० आणि २०.० एकच. यंत्र मात्र पूर्णांक एका पद्धतीनें सांठवितें आणि दशांशाचा आंकडा दुसऱ्या. पहिल्या प्रकाराला जावांत इंटिजर म्हणतात, दुसऱ्याला डबल. जुन्या काळीं वजनाचा शेर निराळा आणि मापाचा शेर निराळा असे. नांव एक म्हणून एकाच्या जागीं दुसरा चालत नसे. तशांतलीच ही गोष्ट आहे.

दुकानाच्या सर्व्हरकडून भाव फोनकडे येतो तो बहुधा जेसन नांवाच्या लिखित स्वरूपांत. जेसनमध्यें संख्या हा एकच प्रकार आहे. पूर्णांक व दशांश असा भेद त्यांत नाहीं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट असेल तर २०.० हा आंकडा ती नुसता २० असाच लिहून पाठविते. अँड्रॉइडमधील जेसन वाचणारा भाग, दशांशचिन्ह न दिसल्यामुळें, त्याचा इंटिजर करतो. इकडे प्रोग्रॅम लिहिणारानें मात्र 'येईल तो डबलच' अशी हमी देऊन ठेवलेली असते. कंपायलर ती हमी मान्य करतो. खरी कसोटी ॲप चालतांना लागते, आणि तेथें ती मोडते.

शोधाची पहिली पायरी म्हणजे लॉगकॅट ही नोंदवही वाचणें. तींत क्लासकास्टएक्सेप्शन हें दोषाचें नांव, कोणता प्रकार आला, कोणता हवा होता, आणि कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीवर गाडें अडलें, हें सर्व मिळतें. परंतु ती ओळ म्हणजे दोष उघडा पडला ती जागा. तो शिरला ती जागा मागें असते. म्हणून दुसरी पायरी अशी कीं, सर्व्हरकडून आलेला मूळ मजकूर पाहावा. चाललेला एक व अडलेला एक, असे दोन शेजारीं ठेवावे. १२.५ आणि २० शेजारीं येतांच कोडें उलगडतें. उपाय एका ओळीचा आहे: आंकडा गेटडबल या आज्ञेनें मागावा, म्हणजे २० आले तरी त्याचे २०.० होतात. मग पूर्णांक, दशांश, अवतरणचिन्हांत आलेला आंकडा आणि मुळींच न आलेला आंकडा, असे चारही प्रकार घालून पाहावे.

याहून सोपी वाट म्हणजे दोष गिळून टाकणें आणि भावाच्या जागीं शून्य ठेवणें. ॲप चालूं लागतें खरें. पण मेथी फुकट जाते आणि तें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. बंद पडलेलें ॲप निदान खोटा हिशेब तरी करीत नाहीं.

अशा चुकीचें मोल केवढें असूं शकतें? एरियन ५ हा युरोपचा अग्निबाण ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गयानांतील कुरू येथून प्रथमच उडाला आणि सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. वेगाशीं संबंधित असा ६४ बिटांचा दशांश आंकडा १६ बिटांच्या पूर्णांकांत बसविला जात होता. त्यांत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाहीं. प्रोग्रॅमचा तो भाग एरियन ४ वरून घेतलेला होता. तेथें एवढी संख्या येत नसे. दिशादर्शक यंत्रणा बंद पडली, आणि तिनें पाठविलेली दोषाची नोंद मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती समजून वापरली. चूक लहानच होती; तिला बाहेरचा आंकडा आंत घेतांना कोणीं अडविलें नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरीं एखादें ॲप असें बंद पडल्यास 'चालत नाहीं' एवढेंच कळवूं नये. कोणत्या वस्तूवर बोट ठेवलें आणि समोर कोणता आंकडा होता, तेंही सांगावें. शोधणाराचें अर्धें काम तेथेंच होतें.